व्याह्यांच्या गाडीचा काटा

सगळा बाजार त्याला 'गरममिस्त्री' म्हणायचा. स्वभावाने गडी अगदी थंड. पण जुन्या मोटारीच्या तेलाच्या दाबाची झडप लावायची झाली, की इंजिन चांगलं तापेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. "थंड तेल घट्ट असतं," तो सांगायचा, "म्हणून दाबाचा काटा उगाच ऐटीत वर. पातळ झालं की खरं काय ते कळतं."

बायको लवकर गेली. मुलगी गॅरेजातच वाढली. एका मोडक्या गाडीच्या मागच्या सीटवर तिचा अभ्यास आणि तिथेच झोप. ती लग्न होऊन गेली, त्या घरी सासऱ्यांची एक जुनी मोटार होती. मिस्त्रीची पंचाईत सुरू झाली ती तिथून.

व्याही पोस्टातून निवृत्त झालेले. माणूस दिलदार, पण गाडीच्या बाबतीत भलताच हळवा. तापल्यावर काटा खाली येतो, अशी तक्रार घेऊन ते आले. मिस्त्रीने इंजिन तापवलं, कान लावून ऐकलं. आतली बेअरिंगं झिजली होती, तेल तिथून निसटत होतं. झडपेचा काही दोष नव्हता. पण मुलीच्या सासऱ्यांना 'तुमचं इंजिन खलास झालंय' असं तोंडावर कसं सांगायचं? त्याने झडपेचा स्क्रू होता तिथेच ठेवला आणि "चालवून बघा थोडे दिवस," म्हणत वेळ मारून नेली.

घरी जाऊन व्याह्यांनी स्वतःच पाना उचलला. स्क्रू आवळत आवळत पार तळाला नेला, म्हणजे जादा दाब सोडायला झडप उघडायची सोयच उरली नाही. सकाळी इंजिन सुरू केलं. काटा सर्रकन टोकाला गेला. "अगं, बघ तरी!" त्यांनी बायकोला हाक मारली. विहीणबाई वाकल्या आणि काट्यामागची तांब्याची नळी फुटून तेल थेट त्यांच्या तोंडावर उडालं.

मिस्त्री धावत आला तेव्हा त्या टॉवेलने मान पुसत होत्या. "या! मला तळायचं तेवढं बाकी ठेवलंय तुमच्या व्याह्यांनी."

व्याही पायरीवर हिरमुसून बसले होते. "सूनबाईचे दिवस भरत आलेत," ते हळूच म्हणाले. "ऐन वेळी गाडी वाटेत बसली तर? म्हणून म्हटलं, काटा जरा वर असलेला बरा."

मिस्त्री त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. "चुकलं माझंच. बेअरिंगं गेलीत हे मला त्याच दिवशी कळलं होतं. भिडेपोटी बोललो नाही. इंजिन उघडावं लागेल."

व्याह्यांनी उठून बाह्या सरसावल्या. "मला काय करता येईल?"

नवी बेअरिंगं खरवडून नेमकी बसवायची होती. व्याही रोज गॅरेजात येऊन खरवडायला बसू लागले. पहिलं त्यांनी जास्तच खरवडलं. मिस्त्रीने आता भीड ठेवली नाही. "हे गेलं. दुसरं घ्या." व्याही खळखळून हसले आणि दुसरं घेतलं.

इंजिन असं सुटं पडलेलं असतानाच निरोप आला. शेजाऱ्याच्या गाडीतून सुनेला दवाखान्यात नेलं होतं. दोघे होते तसेच धावले. नात झाली होती. त्यांचे काळेकुट्ट हात बघून नर्सने दारातच अडवलं, "आधी साबण!"

"बाबा, गाडी कुठवर आली?" मुलीने पलंगावरून विचारलं.

"टेबलावर आहे," सासऱ्यांनीच उत्तर दिलं, आणि दोघे आजोबा एकाच नळाखाली हात घासायला गेले.

बाळ हसायला लागलं तेव्हा कुठे गाडी रस्त्यावर आली. मुलगी बाळाला घेऊन त्याच गाडीतून माहेरी आली. गाडी सासरे चालवत होते, आणि मिस्त्री कितीतरी आधीपासून रस्त्यावर येऊन उभा होता.