आलापल्लीवालीनं हात केला

चामोर्शीकडच्या त्या गावात लग्न होऊन आलेल्या बाईला नाव नसतं. म्हणजे असतं, आधार कार्डावर असतं, पण तिथं ते निवांत पडून राहतं. लोकांच्या तोंडी असतं ते तिचं माहेर. मोहर्लीहून आली ती मोहर्लीवाली, सिरोंच्याहून आली ती सिरोंचावाली. आता या गोष्टीतली मोहर्लीवाली म्हणजे रंजीता. आपण तिला रंजीताच म्हणू, पण गावात जाऊन ‘रंजीता कुठं राहते’ असं विचाराल, तर तिचा नवरासुद्धा क्षणभर विचारात पडेल.

या रंजीताला वाचायचं भारी वेड. चामोर्शीच्या बाजाराला गेली की भाजीच्या आधी वाचनालय. आणि वाचताना तिला एकच कोडं पडायचं: हे लिहिणारे लोक आपल्या माणसांना हाका कशा मारतात? एका कथेची पहिलीच ओळ, ‘सुनंदा खिडकीत उभी होती.’ अगं पण कोण सुनंदा? कुणाची, कुठली, आणि घरात मोठी माणसं असताना तिला असं नावानं बोलावतंय कोण? दुसऱ्या कथेत नुसताच ‘तो’. तो उठला, तो निघाला. आधीचं पान फाटलंय की काय म्हणून रंजीतानं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. तिसरीत शेवटपर्यंत ‘म्हातारा’. त्याची बायको मेली तरी म्हाताराच! अरे, एवढं दुःख दिलंस त्याला, एक नाव द्यायला तुझं काय जात होतं? अशी चिडायची. पण चिडून पुस्तक खाली ठेवेल तर शपथ.

शेवटी तिनं स्वतःच एक कथा लिहायला घेतली. चामोर्शीचे श्रीहरी सर कथांचा छोटासा अंक काढायचे, त्यांनी ‘पाठव’ म्हटलं होतं. कथा साधी. एक बाई रोज दारावरून जाणारी बस बघते. घरात भांडण नाही, मारझोड नाही. एके दिवशी ती हात करते, चढते आणि जाते. पण तिला म्हणायचं काय? ‘सुनंदा’ लिहिलं तर बाई परकी झाली. ‘ती’ लिहिलं तर चेहराच दिसेना. मग हात आपोआप चालला: ‘आलापल्लीवालीनं हात केला. बस थांबली.’ वा! बाई समोर उभी राहिली, पदरासकट.

घोडं पेंड खातं ते इथंच. गावात आलापल्लीची सून एकच, आणि ती रंजीताची सख्खी मोठी जाऊ, गिरजाबाई. दोघी एकाच चुलीवर जेवणाऱ्या. तुम्ही म्हणाल, एवढंही लक्षात येऊ नये? नाही आलं! घरात रंजीता तिला ‘बाई’ म्हणायची. आलापल्लीवाली हे नाव गावाच्या तोंडचं, रंजीताच्या तोंडी ते कधी आलंच नव्हतं.

दिवस तेंदूपत्त्याचे होते. सकाळी जंगलातून विडीची पानं आणायची आणि दुपारी मांडवाखाली बसून पुडकी बांधायची. हात कामात, कान रिकामे. रंजीतानं कथा वाचून दाखवली. बस निघून गेली आणि बायांचे हात थांबले. शेजारची बुधरी गालातल्या गालात हसली, “काऊन वं आलापल्लीवाले, मुखरूभाऊले सांगून चालली, का तशीच?”

गिरजाबाईनं पुढचं पुडकं ओढलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आलापल्लीवाली घर सोडून चालली म्हणून. तिचा नवरा मुखरू तसा सरळ माणूस, पण लोकांच्या बोलण्यानं बिथरला. पुढच्या आठवड्यात आलापल्लीला गिरजाबाईच्या भाचीचं लग्न होतं, तिनं पिशवी भरूनही ठेवली होती. मुखरूनं ती पिशवी उचलून आपल्या खाटेखाली सरकवली. “लगनबिगन काई नाई. इथीच राह्य.”

झालं! रंजीताचा जीव कासावीस झाला. त्या भाचीला गिरजाबाईनं अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि आपल्या एका ओळीपायी गिरजाबाईचं तिच्याच लग्नाला जाणं चुकणार. गिरजाबाई चहा द्यायची, पण कप हातात न देता ओट्यावर ठेवायची. त्या कपाकडे बघून रंजीताला रडूच यायचं.

धाकटी सून भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सहसा तोंड उघडत नाही. रंजीतानं पदर सावरला आणि उघडलं. “भाऊ, ते बाई खोटी हाय. मीच बनवली.”

“खोटी बाई हाय, तं खरं नाव कायले?” मुखरूनं विचारलं. याचं उत्तर मोठमोठ्या लिहिणाऱ्यांजवळ तरी असेल का, देव जाणे. “नाव बदल,” तो म्हणाला, “अन् उद्या साऱ्या बायांपुढं वाच. मंग जाऊ देईन तिले लगनाले.”

सुटले बाई, म्हणत रंजीता धावतच गिरजाबाईकडे गेली. ती तांदूळ पाखडत होती.

“बाई, नाव काढून टाकीन. सुनंदा करीन. मंग तुमची पिशवी भेटते.”

सूप थांबलं. कथा ऐकल्यापासून गिरजाबाई पहिल्यांदाच तिच्याशी बोलली. “ते बस कुठवर गेली?”

“आँ?”

“हात केला, चढली. मंग उतरली कुठी?”

“मले नाई माहीत, बाई. मी तेवढंच लिहिलं.”

“पुढचं लिही मंग. अन् नाव राहू दे.”

“पण लगन...”

“लगनाचं मी पाहीन.” गिरजाबाईनं सूप खाली ठेवलं. “या घरी आली तवापासून ते बस पाहून राह्यली मी. एक डावबी हात नाई केला. तुह्या कागदात तं गेली ना? आता नाव काढशील, तं कोण गेलं मंग? सुनंदा? कोण हाय वं ते सुनंदा?”

रंजीताला शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. त्याच दुपारी तिनं पुढचं लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली सगळ्या जमल्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत मुखरूही येऊन खांबाला टेकला. रंजीतानं कागद उघडला. तिनं वाचलं, “आलापल्लीवालीनं हात केला. बस थांबली.”

मुखरूचा हात थांबला. “काय ठरलं होतं? नाव बदलाचं ठरलं होतं ना?”

बायांनी माना खाली घातल्या. गिरजाबाईनं पुडक्याची गाठ मारली आणि नवऱ्याकडे सरळ बघितलं. “नाई बदलत. मीच हाय ते. अन् लगनालेबी जाईन. वाच वं पुढं.”

मुखरूनं खर्रा खिशात ठेवला. मग तिथंच कडेला, बायांच्या मागं बसला आणि हळूच म्हणाला, “वापस येते ना पण ते बाई?”