डोक्यावरचं दार

माझी बायको जेवत होती.

दुपारचे तीन वाजून गेले असतील. जमना सकाळपासून बंगल्यावर पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती. सगळे जेवले, भांडी घासून झाली, मग ती घरी येऊन आपल्या चुलीपुढे बसली. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांचं कालवण. पहिला घास हातात होता.

तेवढ्यात आमच्या घरात सातजण शिरले. बूट-चपलांसकट. सारवलेल्या जमिनीवर.

पुढे मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जीभ अडखळणार नाही. त्यांना घेऊन मीच आलो होतो. "चल रे, पाहुण्यांना तुमचं झोपडं दाखवू," असं बाईसाहेब म्हणाल्या होत्या आणि मी हातातली झारी टाकून धावलो होतो.

बाईसाहेब म्हणजे माझ्या मालकांची बायको. त्यांनी रुमालात धरून कालवणाच्या तवलीवरचं झाकण उचललं.

"बघा. हेच खातात हे. रोज."

सगळे वाकून बघायला लागले. एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. जमनाचा हात ताटातच थांबला होता, तर तो म्हणाला, "थांबू नको, थांबू नको. जेवत राहा. हात तोंडाशी ने. छान दिसतंय."

जमनाने माझ्याकडे बघितलं.

आणि मी म्हणालो, "खा ना. घे घास. साहेब फोटो काढतायत."

हे मी म्हणालो. दुसरं कोणी नाही.

तिने घास तोंडात घातला. कॅमेरा वाजला. मंडळी बाहेर पडली. मग तिने तो घास चुलीतल्या राखेत थुंकला, हात धुतला आणि ताट उचललं.

"आमी जेवतो त्यात बघाया काय हाय?" एवढंच म्हणाली.

मी हसलो. मला तेव्हा सगळ्यावर हसायची सवय होती.

त्या दिवसापासून जमना घरात जेवेना. भाकरी पदराखाली घेऊन वाडीच्या टोकाला जायची आणि गवताच्या गंजीआड बसून खायची. घर असलेली बाई.

आमच्याकडे लग्नाकार्याला माणसं जमली की माझी एक गोष्ट हमखास निघते. डोक्यावर दार घेऊन मी मामाच्या गावापर्यंत, पामपर्यंत, चालत गेलो, त्याची. मीच सांगतो, नकला करून. भाचे-पुतणे हसून लोळतात. पण ती गोष्ट मी नेहमी दारापासून सुरू करतो. घासापासून करत नाही. आज केली.

तर, तारापूरला विजेच्या केंद्राचं बांधकाम सुरू झालं त्या सुमाराची ही हकिकत. आमचं घर समुद्राकाठच्या एका नारळीच्या वाडीत. वाडी पालघरच्या एका म्हाताऱ्या जमीनदाराची, आणि आम्ही तिथले कूळ. वाडी शिंपायची, नारळ उतरवायचे, आणि कडेला आपलं घर बांधून राहायचं. माझ्या आज्यानं बांधलेलं. कुडाच्या भिंती, पेंढ्याचं छप्पर, दीड खोली. त्यात बाबा, मी, जमना आणि दोन पोरं. घरात मोलाची वस्तू म्हणाल तर एकच, दार. आज्यानं डोंगरातून आणलेल्या सागाचं. जाड, काळं, आणि घराच्या मानानं फारच ऐटीचं. दिवसा ते कधी लावलेलं मला आठवत नाही. लावून करणार काय? न्यायला तरी काय होतं?

जमीनदार गेला, त्याच्या मुलांनी वाडी मुंबईच्या एका वकील साहेबांना विकली. साहेबांनी समुद्राकडे तोंड करून बंगला बांधला. आठ खोल्या. येणार दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. बाकी वर्षभर कुलूप. मला त्यांनी रखवालदार नेमलं. माझं मुख्य काम काय, तर आठवड्यातून एकदा आठही खोल्यांच्या खिडक्या उघडून त्यांना हवा द्यायची. रिकाम्या खोल्यांना. आम्ही पाचजण दीड खोलीत एकमेकांचे पाय चुकवत झोपायचो आणि मी आठ खोल्यांना हवा देऊन यायचो. मला यात काही खटकलं का? छे. मी गावभर सांगत फिरायचो, "आमच्या बंगल्याला आठ खोल्या हायत."

मग एकेक फर्मान निघत गेलं. मासळी वाळत घालू नका, वास येतो. कोंबड्या नकोत, फुलांचे वाफे उकरतात. छप्पर गळायला लागलं, बाबांनी कौलं घालायची म्हटली, तर बाईसाहेब म्हणाल्या, "कौलं नको हं, पेंढाच किती गोड दिसतो." म्हणून आम्ही गोड दिसत राहिलो आणि पावसात टोप-तपेली मांडून झोपत राहिलो.

फोटोनंतरच्या रविवारी साहेबांनी मला सज्जात बोलावलं. ते झोपाळ्यावर. मी उभा. त्यांनी एक कागद पुढे केला.

"यावर वडिलांचा अंगठा आणि तुझी सही आण. नुसती औपचारिकता."

मी सातवी पास. घराण्यातला पहिला. कागद दिसला की वाचून दाखवायची मला भारी हौस. तिथेच मोठ्याने वाचायला लागलो. 'मालकांच्या मेहरबानीने, नोकर या नात्याने सदर झोपडीत राहत असून...' पहिल्या ओळीला मी खूष. वकिली भाषेत आपलं नाव! पुढे वाचलं. 'सांगतील त्या दिवशी विनातक्रार जागा खाली करून देऊ...'

मी वाचायचा थांबलो.

"साहेब, घर तर आमचं हाय."

साहेब हसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"घर तुझंच आहे रे. जागा माझी आहे. नसेल सही करायची तर घर उचल आणि ने हवं तिकडे. किती वेळ लागेल तुला? माझ्या शामियान्याला याहून जास्त लागतो."

सज्जातले पाहुणे हसले. आणि ऐका, सवयीनं मीसुद्धा हसलो. हसता हसता मला गंजीआड बसून जेवणारी जमना दिसली. तोंड तसंच उघडं राहिलं, हसू मात्र आटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दार काढलं.

आमच्यात घर हलवायचं तर आधी दार नेतात. नव्या जागी दार उभं केलं की बाकीचं घर मागून येतं. माझा आजाही असंच दार घेऊन या वाडीत आला होता. दाराला बिजागऱ्या नव्हत्या. वर-खाली लाकडी खुंटी, ती खोबणीत फिरायची. मी दार उचकटलं, चुंबळ केली आणि डोक्यावर घेतलं.

"अवो, चाललाव कुठं?" जमना म्हणाली.

"मामाकडं. पामला. मागच्या परसात जागा मागतो. घर हलवायचं."

बाबा खोकत बाहेर आले. काहीतरी म्हणत होते. मी ऐकलं नाही. स्वाभिमान जागा झालेला माणूस दुसऱ्याचं ऐकतो कुठे!

वाटभर जो भेटेल तो विचारी, "काय रं, आंघोळीला दारसुदीक नेतोस काय?" "दार विकाया काढलं का बाईल हाकलली?" दार आडवं, रस्ता अरुंद. समोरून बैलगाडी आली की मला काटकोनात फिरावं लागे. एकदा फिरलो तो थेट निवडुंगात. खांदे सोलवटले. मान आत गेली ती, जमना म्हणते, अजून पुरती बाहेर आलेली नाही.

पामला पोचलो तर मामाचं घर ओळखू येईना. ओटीवर दोन खाटा, पडवीत चार, सगळ्यांवर टॉवेल वाळत. बांधकामावर आलेली माणसं. मामा बाहेर आला.

"मामा, तुमच्या गोठ्यामागं जागा हाय ना?"

"गोठ्यात म्हस नाय आता. फिटर हाय."

"आँ?"

"म्हस विकली. फिटर बरा, त्याला चारा नाय लागत, वर भाडं देतो." मग त्याचा आवाज खाली आला. "भाच्या, तुझ्या मामीची चूल आता न्हाणीत हाय. पुढल्या महिन्यात पोरीचं लगीन, जावयाला कुठं झोपवू सांग. जागा नाय रं. गावात कुणाकडंच नाय. विकत म्हणशील तर मुंबईवाले बंगल्यासाठी देतात तो भाव. देशील तू?"

मी दार भिंतीला टेकवलं आणि त्याच्याच सावलीत बसलो. गोठ्यातला फिटर पाणी घेऊन आला. घाटावरचा माणूस, साताऱ्याकडचा. त्याने दारावरून हात फिरवला.

"लाकूड झ्याक हाय, दादा. इकता का? आमच्या गोठ्याला दारच नाय. कारभारीन आणायची म्हणतोय गावाकडनं, पर उघड्यावर कशी ठेवू?"

त्याला खोली होती, दार नव्हतं. माझ्याकडे दार होतं, खोली नव्हती. विकायचं नाही म्हटलं. मग मी पुन्हा चुंबळ केली.

परतीची वाट त्याच माणसांपुढून. "घेतलं नाय का कुणी?" असं एकेक जण विचारत होता.

ऊन कलताना घरी आलो तर दाराच्या रिकाम्या चौकटीत बाबा बसलेले. एका खांबाला पाठ, दुसऱ्याला पाय. आडवे. सकाळपासून तसेच. तिथेच भाकरी खाल्ली म्हणे.

"उठा बाबा. दार लावतो."

"नीट बघून घेऊ दे, तूच हायस का. बंगल्यावरनं दोनदा माणूस येऊन गेला. 'म्हातारबा, सोडून चाललाव काय?' म्हनत होता. आत शिराया बघत होता. तू दार नेलंस, मंग दार मलाच व्हावं लागलं."

मी मान खाली घातली. म्हणजे ती खालीच होती.

"येड्या, घर उचललं तर खाली काय राहतं?"

"जागा."

"मंग साहेबाला काय पायजे? तुझा हा पेंढा?" बाबा शाळेची पायरी चढलेले नव्हते. "आपुन जुन्या मालकाचं कूळ. कूळ उठवायचं तर त्याला कचेरीत जावं लागतं. नोकर उठवाया नुसतं 'जा' म्हनलं की झालं. म्हनून त्याला अंगठा पायजे. आनि अंगठा न देता तू घरच घेऊन निघालास, तर त्याला कागुदबी नको. तू त्याचं काम फुकटात करत होतास. डोक्यावर घेऊन."

सातवी पास मी. साहेबांनी 'घर उचल' म्हटलं तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. ते माझ्यासाठी नेमून दिलेलं काम होतं, आणि खिडक्या उघडायला जावं तसा मी उठून ते करायला निघालो होतो.

दार खोबणीत बसवलं. जमनाने कंदील धरला. 

पुढच्या रविवारी दुपारी मी जमनाला म्हटलं, "आज घरात जेव." तिने ताट वाढून घेतलं. मी दार लावलं. भरदुपारी. अंधार झाला, पोरं गोंधळली. चुलीच्या उजेडात जमना बसली.

बाहेर चपला वाजल्या. दारावर थाप.

"अरे, दार काय लावलंयस? पाहुणे आलेत, दाखव ना."

"आमी जेवतोय, बाईसाहेब."

"मग जेवा की. आम्ही नुसतं बघतो."

"दार उघडणार नाय."

 मग बाहेरून दार ढकललं गेलं. मी पाठ लावली. सोलवटलेले खांदे, त्यात सागाचं लाकूड. कुणीतरी पुन्हा ढकललं, या वेळी पुरुषाचा जोर होता. मी पाय रोवले. समोर जमना जेवत होती. सावकाश. एकेक घास चावून. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ताट पुसून खाल्लं, पाणी प्यायली, मग म्हणाली, "झालं."

तेव्हा मी दार उघडलं. बाहेर साहेब होते.

"कागद?"

"वाचला. अंगठा नाय. सही नाय. घरबी उचलणार नाय."

त्याच दिवशी माझं काम गेलं. जमनाचंही. बंगल्याभोवती भिंत आली, ती आमच्या मागच्या कुडापासून हातभरावरून. वाडीची विहीर भिंतीच्या आत गेली; जमना गावठाणातून पाणी आणू लागली. मी विजेच्या केंद्राच्या बांधकामावर खडी वाहिली. म्हणजे ज्या कामानं मामाच्या गोठ्यात फिटर आला, त्याच कामावर. दुसरं होतं काय? साहेबांनी आम्हाला उठवायला दावा लावला, पालघरच्या कचेरीत तारखा पडत राहिल्या. बाबा त्या तारखांतच गेले. बंगल्याच्या आठ खोल्या अजून बहुतेक वर्ष बंद असतात. माझ्या थोरल्याचं लग्न झालं, गावात त्याला खोली परवडेना, आता त्याच दीड खोलीत मध्ये साडी बांधून दोन संसार आहेत. आम्ही जिंकलो असं कोणी म्हणू नये. भिंतीच्या या बाजूला आम्ही अडकलेलेच आहोत.

फक्त छपरावर मी कौलं घातली. आता घर फोटोत चांगलं दिसत नाही.

साहेब गेले. त्यांचा मुलगा येतो. तो मला "काका" म्हणतो. कागद आणतो, पहिल्यापेक्षा छान टाइप केलेला. "काका, नुसती सही." मी चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचतो. हौस गेलेली नाही. मग घडी घालून परत देतो.

परवा तो म्हणाला, "काका, किती दिवस असं?"

आत जमनाने ताटं वाढली होती. मी उठलो, त्याला म्हटलं, "आमची जेवायची वेळ झाली," आणि दार लावून घेतलं.

हे दार मी पुन्हा डोक्यावर घेणार नाही.