भिंतीवरचा चेंडू

बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी सुट्टीवर येताना व्हिडिओ गेम आणला, तेव्हा सांगलीत अजून प्रक्षेपण पोचलं नव्हतं आणि आमच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या. या खेळाला मात्र कार्यक्रमाची गरज नव्हती. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये उडणारा एक चौकोनी चेंडू, एवढाच तो खेळ.

एका सकाळी दूध घालायला येणारी बाई तो बघून दारातच थबकली. मी गंमत म्हणून दुसऱ्या पट्टीचं बटण तिच्या हातात दिलं. पदराला हात पुसून तिने ते असं काही फिरवलं, की मी थक्कच झालो. ती चेंडू मुद्दाम माझ्या पट्टीवर टाकायची. माझा चुकला, की हळहळायची, "आवं दादा, सोडताय कशाला? लय छान चाललं हुतं की!"

मग मी एकट्याने भिंतीवर चेंडू मारायचा खेळ लावून दिला. दोनदा मारून तिने बटण खाली ठेवलं.

"ह्यो नगं."

"का? यात तर समोर हरवणारं कुणी नाही."

"आमचं मालक लढाईवरनं आल्यापास्नं बोलत न्हाईत. मी बोलती, ते माझं मलाच माघारी येतं. भिंतीसंगट रोजच खेळती की मी."

किटली उचलून ती निघून गेली. दोन वर्षं ती रोज दारात काहीतरी बोलायची, आणि मी मान वर न करता पातेलं पुढे धरायचो.