थंड खोलीतला मास्तर

मी जळगावच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे एक वाईट खोड लागली आहे. वस्तू बिघडली की ती दुरुस्त करण्याआधी मी तिचं कारण सांगत बसतो. मिक्सर बंद पडला तर बायकोला चुंबकक्षेत्र ऐकावं लागतं. ती म्हणते, "चटणी कशात वाटू तेवढं सांगा." मला राग येतो. अजूनही येतो.

चोपड्याजवळ माझ्या थोरल्या भावाची केळी थंड करायची खोली आहे. भर उन्हाळ्यात त्याचा फोन आला, तापमानाचा आकडा हलतच नाही, येऊन बघ. गेलो. आत भिंतीवर मण्याएवढा एक तुकडा असतो. थंडी वाढली की तो विजेला जास्त अडवतो आणि त्या अडवण्यावरूनच बाहेरचा आकडा ठरतो. त्याची वायर सैल झाली होती. क्रेटच्या थप्पीमागे वाकून मी ती खोचत होतो, तेवढ्यात जाता जाता कुणीतरी दार लोटलं. तिथं उघडं दार दिसलं की लोटायचंच, गारवा जातो म्हणून.

काम आटोपून दार ढकललं, तर हलेना. खांदा लावला, तरी नाही. आतून दार सोडवायची एक मूठ असते, तिचा नुसता तुटका खुंट उरला होता.

कारण लगेच कळलं. माल भरताना दार उघडं राहिलं होतं, बाहेरची तापलेली हवा आत शिरली होती. दार लागल्यावर ती निवली, आकसली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेनं दार रबरावर गच्च दाबून धरलं. फोन काढला, रेंज नाही. तेही कारण ठाऊक होतं. भिंतींना दोन्ही बाजूंनी पत्रा, लहरी आत येणार कुठून? ओरडलो, तर पंख्यांच्या घरघरीत माझं मलाच ऐकू येईना.

मग तिसरं कारण सुचलं, ते सुचायला नको होतं. केळी तोडल्यावरही श्वास घेतात. वर्गात हे मी कौतुकानं सांगतो. त्या खोलीत हजारो केळी माझ्याबरोबर तीच हवा ओढत होती.

फटींतून हवा झिरपेल आणि पाचेक मिनिटांत दार सैल पडेल, हे डोक्याला चांगलं माहीत होतं. अंगाला पटत नव्हतं. मोबाईलमध्ये पाहिलं, दोन मिनिटं झाली होती. दारावर बुक्क्या मारल्या, लाथा मारल्या. पुन्हा पाहिलं, तीनसुद्धा झाली नव्हती. मी घाबरलो. बावन्न वर्षांचा माणूस केळ्यांसमोर उभा राहून रडलो.

"मास्तर, ढकलू नका!" बाहेरून, अगदी दाराला तोंड लावल्यासारखा, बाईचा आवाज आला. "पाय मांगे ल्या!"

दाराच्या खालच्या कोपऱ्यात रबराखालून विळ्याचं टोक आत आलं. सुस्स करून हवा शिरली आणि दार सहज उघडलं.

केळी धुणाऱ्या बायांमधली ती सगळ्यात जुनी, तिला सगळे अक्का म्हणतात. तिनं मला क्रेटवर बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला. अर्धं पाणी मी शर्टावर सांडलं.

"अक्का, हे दार असं अडकतं?"

"आम्ही त रोजच अडकतस," ती म्हणाली.

माझा पारा चढला. "मग भावाला सांगायचं ना! मूठ बसवून घ्यायची!"

"सांगेल व्हतं ना मांगल्या साली. मंग तुम्हीनच ईसन समजाडं, दार बिघडेल नही शे, हवाच तशी राहस."

आठवलं. भावानंच मला बोलावलं होतं, बाया कटकट करतात, जरा समजावून सांग म्हणून. मी त्यांना समोर बसवलं. डब्यात गरम भाजी भरली की निवल्यावर झाकण कसं निघत नाही, ते करून दाखवलं. पाच मिनिटं थांबायचं, आपोआप उघडतं, असंही सांगितलं. बाया हसल्या, माना डोलावल्या. भाऊ खूश झाला, चहा आला, आणि मुठीचा विषय तिथंच मिटला.

अक्कानं टोमणा मारला असता तर मी निदान भांडलो असतो. पण ती माझ्या पाठीवरून हात फिरवत मला धीर देत होती. माझं म्हणणं तिला खरंच पटलेलं होतं.