फ्रीजरमध्ये गोठलेलं इंजेक्शन

आमची कुत्री चारोटीच्या एका ढाब्यामागे सापडली, तेव्हाही खाजवतच होती. तलासरीला घरी आणून दोन वर्षं झाली तरी खाज तशीच. पोट लाल, पंजे चाटून चाटून तांबूस, कानामागे कायमची जखम. शाम्पू झाले, गोळ्या झाल्या, करंजाचं तेल झालं. गोचीड नाही, बुरशी नाही, खाण्यातूनही काही निघालं नाही.

"ही ऍलर्जीच," डहाणूचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "शरीरातलं जे प्रथिन खाज आणतं, त्याला हे अँटिबॉडीचं इंजेक्शन धरून ठेवतं. पण ऍलर्जी मुळातून जात नाही. साधारण दर महिन्याला द्यावं लागेल."

पहिलं दिलं आणि तिसऱ्या दिवशी ती दुपारभर सलग झोपली. मी शेजारी बसून नुसती बघत राहिले.

दुसरं वापीहून यायला दहा दिवस उशीर झाला. तोवर कान पुन्हा सोलवटला. डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून बर्फाचा डबा आमच्याच घरी आला. मी शाळेत शिकवत होते. वीज सारखी जाते, म्हणून नवऱ्याने बाटली फ्रीजरमध्ये ठेवली. मला हे कळलं ते दोन दिवसांनी, डॉक्टरांसमोर.

"हे गोठलं होतं का?" त्यांनी बाटली उजेडात धरली.

"जास्त थंड राहावं म्हणून..." नवरा म्हणाला.

"गोठलेलं मी देणार नाही. दुसरं मागवा."

"गोठवू नका, असं डब्यावर लिहिलं होतं ना!" मी तिथेच ओरडले. "वाचता येत नाही का तुला?"

परतीच्या रिक्षात कुत्री माझ्या पायावर मागचा पाय आपटत खाजवत होती. मी तिचा पंजा धरला, की ती मान माझ्या गुडघ्यावर घासायची. मला तिचाही राग आला, आणि त्याची लाजही वाटली.

शेवटी रजा टाकून मीच वापीला गेले. येताना अच्छाडला, राज्याच्या सीमेवर, ट्रकांच्या रांगेत बस दीड तास अडकली. मी दर पाच मिनिटांनी डब्याला हात लावून बघत होते. डॉक्टरांनी तपासून सुई टोचली. चार दिवसांनी खाज उतरली, जखम भरायला मात्र तीन आठवडे लागले.

आणि जखम भरते न भरते, तोच महिना संपत आला आणि कुत्री पुन्हा पंजा चाटायला लागली.