दीड मीटरची मोकळी जागा

बबनकाका खाली बसलेले मी फारसे पाहिले नाहीत. जेवणसुद्धा उभ्यानेच, ताट डाव्या हातात. ड्रिलिंग मशीन चालू असलं की उजवा तळहात मशीनच्या सांगाड्यावर. "दगड बदलला की हाताला आधी कळतं," म्हणायचे, "कागदाला मागनं."

ते महाळुंग्याचे. घरची जमीन कारखान्यांत गेली, तसे काका बोअरच्या गाडीवर गेले आणि तिथून युरेनियमच्या शोधासाठी भोकं पाडणाऱ्या एका ठेकेदाराकडे. मी महाळुंग्यातल्याच प्रयोगशाळेत. खोल जमिनीतून काढलेल्या दगडाच्या कांड्या आमच्याकडे यायच्या; त्यांची भुकटी आम्लात विरघळवून त्यात युरेनियम किती, ते आम्ही मोजायचो. सुट्टीवर आले की काका हटकून डोकावायचे. "घरी करमत न्हाई, म्याडम. शेजारच्या कंपनीत प्रेस आपटतो, अन् मला वाटतं मशीन माझंच हाय. मग मी हितं काय करतोय?"

एका उन्हाळ्यात नमुने निवडायला मी त्यांच्या कर्नाटकातल्या छावणीवर गेले. पेट्यांमध्ये कांड्या खोलीप्रमाणे ओळीने मांडल्या होत्या. एका पेटीत मात्र दीड मीटरची जागा मोकळी. तिथला दगड इतका फुटका होता, की ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून गेला. काकांनी तिथे लाकडी ठोकळा ठेवून खडूने लिहिलं होतं, 'दगड आला नाही'.

"काका, वरच्या कांड्या पसरून जागा भरून टाका," ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला. "नाहीतर अख्खं भोक नामंजूर होईल."

"न्हाई जमणार."

"कोण बघतंय?"

"ह्या म्याडम बघत्यात."

खरं म्हणजे मी बघत नव्हते. मला संध्याकाळची बस गाठायची होती, यादीवर सही करायला पेनही काढलं होतं. काका माझ्याकडे वळले. "ताई, फुटक्या दगडातच धातू बसतो, हे तुमीच मला शिकवलंत ना?"

मी पेन फिरवलं. यादीत लिहिलं, 'दीड मीटर नमुना उपलब्ध नाही', आणि खाली सही केली. तासाभरात काकांना कामावरून कमी केल्याचं कळलं. माझी नोकरी शाबूत राहिली.

परतीच्या बसमध्ये जागा असूनही ते निम्मा रस्ता दाराजवळ उभे होते. मी जवळ जाऊन म्हणाले, "काका, माझ्यामुळे तुमचं..."

"तुमच्यामुळं न्हाई. तशी पेटी भरली असती तर मला झोप लागली नसती." मग जरासं हसून, "तशीबी लागत न्हाई म्हणा."

काही महिन्यांनी त्या भोकाच्या शेजारी दुसरं भोक पाडलं गेलं. या वेळी कांडी पूर्ण निघाली आणि नमुने माझ्याच टेबलावर आले. तिथे युरेनियम सापडावं, भरपूर सापडावं, असं मला आतून फार वाटत होतं. काकांचं काम गेलं ते निदान फुकट तरी जाऊ नये. आकडे आले ते अगदी साधे, कुठल्याही ओढ्यातल्या दगडाचे असावेत तसे. मी पुन्हा मोजले. तेच.

काका तेव्हा चाकणला एका नव्या कारखान्याच्या पायासाठी जमीन तपासायची भोकं पाडत होते. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेले. कसं सांगावं ते सुचेना.

"काका, तिथे काही नव्हतं."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मला वाटलं, खचले.

"बरं झालं," ते म्हणाले. "तवा आपल्याला म्हाईत नव्हतं. आता म्हाईत हाय."

सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती. काका मशीनकडे चालू लागले होते.