वाचनालयाला पाच नावं हवी होती

चौथी शिकलेल्या बाईचं पुस्तक निघालं, हे आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना पटलंच नाही. मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात मी आया होते, तीसेक वर्षं. काम सुटल्यावर आठवेल ते वहीत लिहीत गेले. सुनेने ते टाइप केलं, छापून आणलं. नातेवाइकांना प्रती दिल्या, त्या त्यांनी शोकेसमध्ये ठेवल्या. कुणी उघडलेली मी पाहिली नाही.

मला अनोळखी माणसाने वाचायला हवं होतं. म्हणून एक प्रत घेऊन वाचनालयात गेले. टेबलावरचा माणूस म्हणाला, "आजी, फुकट दिलंत तरी ठेवू कुठे? रोज कोणीतरी पुस्तक आणून देतं. ही मागणीची वही बघा. महिनाअखेरीपर्यंत पाच सभासदांनी यात तुमचं पुस्तक मागितलं तर ठेवतो."

त्याचंही बरोबर होतं. कपाटं भरली होती आणि खुर्च्यांवरही गठ्ठे होते.

सून म्हणाली, "आई, कार्ड छापू. हल्ली सगळे लेखक छापतात. खाली लिहू, वाचनालयात मागा म्हणून."

मी म्हटलं, "छाप. आणि नाव मोठं टाक, मला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

कार्डवाल्याकडे मी स्वतः गेले. मला बघून तो लग्नपत्रिकांचे नमुने काढायला लागला. "लग्न कोणाचं, आजी?"

"माझंच. गणपती नको, पेन टाक."

चार दिवसांनी कार्डं हातात आली. माझं नाव, खाली 'लेखिका', त्याखाली पुस्तकाचं नाव. घरी पोचेपर्यंत कार्डांची डबी तीनदा उघडली. खोटं कशाला सांगू, आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आता वाटायची कुठे? शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्याच आठवड्यात शनिवारी हळदीकुंकू होतं. मला त्याला कोणी बोलवत नाही, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. पण एवढ्या बायका एका जागी पुन्हा कुठे मिळणार, आणि त्यातल्या बऱ्याच जणी वाचनालयात जाणाऱ्या. मी चांगली साडी नेसले आणि गेले.

दारात यजमानीण होती. मला बघून तिचा हात कुयरीवर अडला. कुंकू लावावं की नाही, तिला कळेना.

म्हटलं, "लाव नाहीतर नको लावू, मला काही फरक पडत नाही. मी कार्डं वाटायला आले आहे."

ती हसली आणि लावून मोकळी झाली. "बसा ना, मावशी."

मी बसले नाही. रांगेने कार्डं देत सुटले. वाणात त्या वर्षी प्लास्टिकचे डबे होते. प्रत्येकीने कार्ड घेतलं, न वाचता डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. एकीने विचारलं, "गुळपोळीची ऑर्डर घेता का?" दुसरीला उपवासाची भाजणी हवी होती. म्हाताऱ्या बाईने कार्ड दिलं की ती खायचं काहीतरी विकणार, असंच सगळ्या धरून चालल्या होत्या. मी म्हटलं, "लेखिका आहे." तर म्हणाल्या, "अय्या, छान!" आणि झाकण बंद.

अर्धी डबी संपली होती. माझं डोकं तापलं. तेवढ्यात दारात बायकांचा घोळका जमला, हॉलमध्ये हवा येईना. मी ओरडले, "सरका गं दारातून! बाकीच्यांनी श्वास घ्यायचा की नाही?"

खुर्चीवरची एक बाई उठूनच उभी राहिली. "थांबा! हा आवाज... तुम्ही प्रसूतिगृहातल्या मावशी ना?"

"हो."

"मी कळा देताना किंचाळत होते, तर मला म्हणालात, 'दम घशात घालवू नकोस, खाली लाव!'"

हॉलमध्ये हशा पिकला. मागून आणखी एक पुढे आली, कोकणातली. "गो मावशे, माका वळाखलंस? माझ्या घोवाक तू बाहेर काढलं होतंस, चक्कर येतली म्हणून."

"आली होती त्याला," मी म्हटलं. "जिन्यातच बसला होता."

मग काय, सगळ्याच बोलायला लागल्या. कोणाची जुळी, कोणाचा पायाळू. एक म्हणाली, "हे सगळं पुस्तकात आहे?"

"नावं नाहीत. बाकी सगळं आहे."

तिने डब्याचं झाकण उघडून कार्ड बाहेर काढलं. मग दुसरीनेही काढलं. मी यजमानिणीकडून पेन घेतलं आणि उरलेल्या प्रत्येक कार्डावर 'लेखिका'च्या खाली हाताने लिहिलं, 'प्रसूतिगृहातली आया'. माझं अक्षर मोठं आणि वाकडं. त्या रांग लावून कार्डं घ्यायला लागल्या. दिलेली कार्डंही दोघी-तिघींनी परत आणून लिहून घेतली. हात दुखेपर्यंत लिहिलं. इतकी मजा मला पुस्तक छापलं तेव्हाही आली नव्हती.

पण हॉलमधलं हसणं आणि वाचनालयाचा जिना चढणं, दोन वेगळ्या गोष्टी. महिना संपेपर्यंत मला चैन नव्हतं. शेवटच्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले.

त्या माणसाने वही माझ्याकडे फिरवली. मी बोट ठेवून वाचत गेले. एक, दोन, तीन, चार. पान संपलं. पान उलटलं, तर पुढे आणखी चार.

शेवटच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ही बाई माझ्या बाळंतपणात मला फार बोलली. आता काय लिहिलंय ते बघायचंय.'

ती कोण, मला आठवेना. हॉलमध्ये काही न बोलता कार्ड घेऊन गेली असेल. पण बोलले असेन, त्यात शंका नाही.

माणसाने मी आणलेल्या पुस्तकावर शिक्का मारला, पाठीवर नंबर चिकटवला. "आठ जणी आहेत, आजी. पहिलं कोणाला देऊ?"

"या शेवटच्या बाईला," मी म्हटलं. "ती नीट वाचेल. भांडायला आली तर माझा पत्ता दे."